हरवलं की चोरीला गेलं?

बीएला राज्यशास्त्राबरोबर मी गुन्हेगारीशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांचा एकच प्रश्न होता. "काय गं, पीएसआय व्हायचंय काय?" शेजारच्या आज्जीनं तर आईला बाजूला घेऊन विचारलं, "चोरांचं काय शिकूल्या म्हणे तुझी पोरगी?" आईला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही आलं नसतं. टाइमटेबल जुळत होतं, मैत्रिणीनं घेतला, म्हणून मीही घेतला.

आता तिसऱ्या वर्षाला आहे. आता उत्तर आहे, आणि ते इथंच लिहावं असं वाटलं. सीमाभागातल्या मराठी पोरापोरींनी हा विषय शिकायलाच पाहिजे, असं माझं मत झालंय. नोकरीसाठी नव्हे. मग कशासाठी, ते सांगायला आधी आमच्या काकूची गोष्ट सांगावी लागेल.

मी पहिल्या वर्षाला होते. गणपतीच्या आधी काकू गणपत गल्लीत खरेदीला गेली. त्या दिवसांत तिथं गर्दी कशी असते ते बेळगावकरांना सांगायला नको. घरी येऊन बघते तर पिशवीला खालून ब्लेड मारलेलं आणि मोबाइल गायब. रात्रीपर्यंत तिच्या खात्यातून अठरा हजार रुपये गेले, कारण पिन विसरायला होतो म्हणून तो चिठ्ठीवर लिहून कव्हरमध्येच ठेवला होता. हसू नका, तुमच्याही घरात कुणीतरी असं करत असणार.

काका परगावी होते, म्हणून मी सोबत गेले. कुठलं पोलीस ठाणं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. हवालदार आमच्याशी मराठीत बोलला. बसायला खुर्ची दिली. आपण घरात बसून रंगवतो तसा माणूस नव्हता तो. काकू मराठीत सांगत गेली, तो कन्नडमध्ये लिहीत गेला. शेवटी कागद फिरवून म्हणाला, "इथं सही करा अक्का." काकूनं सही केली. मला कन्नड येतं, शाळेत शिकलेय, पण छापील. घाईत लिहिलेलं हाताचं अक्षर मला लागलं नाही, आणि "जरा वाचून दाखवा" म्हणायचं धाडस झालं नाही. शिक्का मारलेली पोच घेऊन आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बँकेत तो कागद दाखवला, तर समोरचा माणूस म्हणाला, "मॅडम, ही एफआयआर नाही. यात मोबाइल हरवला असं लिहिलंय."

कागदावर शब्द होता 'कळेदुहोगिदे'. म्हणजे हरवलं. चोरीला गेलं म्हणायचं तर 'कळुवागिदे' लिहायला पाहिजे होतं. दोन्ही 'कळ'वरनंच सुरू होतात, आपल्या कानाला सारखेच लागतात. पण एका शब्दात गुन्हा आहे आणि दुसऱ्यात नाही. एका शब्दावर पोलिसांना तपास करावा लागतो, दुसऱ्यावर फक्त पोच मिळते. काकूचे अठरा हजार आजपर्यंत परत आलेले नाहीत.

घरात आम्ही दोन दिवस एकच वाक्य म्हणत होतो. "मराठी म्हणून असं केलं." ते उत्तर आपल्याकडे नेहमी तयारच असतं.

पुढच्या सेमिस्टरला वर्गात गुन्ह्यांच्या आकडेवारीचा धडा आला. देशात दरवर्षी किती गुन्हे झाले याचा अहवाल राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी काढतो. आम्हाला शिकवणारे सर कन्नड भाषिक आहेत. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, हा झालेल्या गुन्ह्यांचा आकडा नाही, लिहिलेल्या गुन्ह्यांचा आहे. जे ठाण्यापर्यंत आलंच नाही आणि जे येऊनही लिहिलं गेलं नाही, त्याला या शास्त्रात 'काळा आकडा' म्हणतात. एका घटनेत तीन-चार गुन्हे असले तरी मोजताना सगळ्यात मोठा एकच धरला जातो. आणि ठाण्याच्या हद्दीत नोंदी वाढल्या की वरून विचारणा होते, न सुटलेली प्रकरणं साचली की पुन्हा विचारणा होते. मग गर्दीत मारलेला मोबाइल, जो सापडायची शक्यता कमी, तो 'हरवला' म्हणून लिहिला की सगळ्यांचंच काम हलकं होतं. सरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काकूचा कागद आला.

पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मावसभावाला मी हे फोनवर सांगितलं, तर तो हसायला लागला. त्याचाही मोबाइल बसमध्ये मारला होता. तिथं त्याला स्वच्छ मराठीत लिहून मिळालं होतं, 'गहाळ'.

म्हणजे काकूच्या बाबतीत जे झालं ते मराठी म्हणून झालं नव्हतं. हा रोग दोन्ही राज्यांत आहे. पण फरक कुठं पडला बघा. मावसभावानं 'गहाळ' वाचलं आणि तिथंच म्हणाला, "अहो, गहाळ नाही, चोरलाय." त्यानं अर्धा तास वाद घातला आणि शेवटी एफआयआर करून घेतली. काकूला वादच घालता आला नाही, कारण वाद कशावर घालायचा ते तिला दिसतच नव्हतं. भाषेमुळे अन्याय झाला नाही, भाषेमुळे झालेला अन्याय झाकला गेला. हा फरक मला आंदोलनातल्या भाषणांनी शिकवला नाही, या विषयानं शिकवला.

कायदा काय म्हणतो तेही तेव्हाच कळलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे. तोंडी माहिती दिली तर पोलिसांनी ती लिहून घ्यायची, सांगणाऱ्याला वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, तरीही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवलीच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितलंय. आता मला सांगा, कन्नड न येणाऱ्या माणसाला कन्नडमध्ये वाचून दाखवलं, तर ते 'वाचून दाखवणं' झालं काय?

याला जवळचं एक उत्तर कोर्टानं फार पूर्वी दिलेलं आहे. १९६२ चा खटला, हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र सरकार. प्रतिबंधक कायद्याखाली एका माणसाला अटक केली आणि अटकेची कारणं इंग्रजीत दिली. तो म्हणाला, मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. सरकार म्हणालं, इंग्रजी ही अधिकृत भाषा आहे, तेवढं बस झालं. सुप्रीम कोर्टानं सरकारचं ऐकलं नाही. कारणं कळवायची म्हणजे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत कळवायची, नाहीतर त्याला स्वतःची बाजू मांडताच येणार नाही, असं सांगून अटक रद्द केली. तो खटला स्थानबद्धतेचा आहे, मोबाइलच्या तक्रारीला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य. पण तत्त्व तेच आहे. शिवाय राज्यघटनेचं कलम ३५० कुठल्याही नागरिकाला राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं. म्हणजे मराठीत लेखी तक्रार घेऊन गेलात तर ती देता येते. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का मारून घ्यायचा. काकू तशी गेली असती तर तिचा 'चोरला' हा शब्द तिच्याच अक्षरात तिथं राहिला असता.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटत असेल, ठीक आहे, हक्क सांगितले, लेख संपला. पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मी अजून सांगितलेला नाही, आणि तो सांगायला मला जड जातंय.

त्या संध्याकाळी मोबाइल गेल्याचं कळल्यावर घरात पहिलं वाक्य कुणी काय म्हटलं? मीच म्हटलं. "काकू, त्या बायका होत्या काय गं जवळपास? पाल टाकून राहतात त्या?" काकू म्हणाली, "होत्या की, पिना विकत होत्या." ठाण्यात हवालदारानंही तेच विचारलं, "संशय कुणावर?" काकू म्हणाली, "त्या पिनावाल्या बायकांवर." तिनं त्यांना पिशवीजवळ बघितलं नव्हतं. कुणीच काही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला लोंब्रोसो होता. इटलीतला डॉक्टर. गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो, कवटी, जबडा, कान बघून तो ओळखता येतो, असं त्यानं १८७६ च्या पुस्तकात मांडलं. वर्गात सगळे हसले. मग सरांनी फळ्यावर त्याच्या आधीची एक तारीख लिहिली, १८७१. त्या वर्षी इंग्रजांनी इथं गुन्हेगार जमाती कायदा केला. म्हणजे लोंब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधीच आपल्या देशात सरकारी कागदावर अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या होत्या. कवटी मोजायचीही गरज पडली नाही, जात पुरली. १९११ च्या कायद्यानं हे मुंबई इलाख्यातही आलं, आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. सोलापूर, विजापूर, गदग, हुबळी इथं या लोकांना ठेवायला सेटलमेंटी झाल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. हुबळीत आजही त्या वस्तीला लोक सेटलमेंटच म्हणतात. मी त्या बाजूनं कितीतरी वेळा बसनं गेलेय, ते नाव कशावरनं पडलं हे कधी विचारलंच नव्हतं.

तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. पण १८७१ मध्ये लिहिलेला संशय २०२४ मध्ये माझ्या तोंडातून बाहेर पडला. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते पुस्तक आमच्या घरात कपाटात आहे. मी ते वाचलेलं होतं, आणि तरीही मी ते वाक्य बोलले.

आता माझी अडचण लक्षात घ्या. हवालदारानं 'कळेदुहोगिदे' लिहिलं, म्हणून काकूचं नुकसान झालं. पण त्यानं प्रामाणिकपणे चोरी लिहिली असती, आणि काकूनं सांगितलेला संशयही लिहिला असता, तर? कदाचित दुसऱ्या दिवशी गणपत गल्लीतल्या त्या दोन-तीन बायकांना उचललं असतं. त्यांच्यासाठी कोण वकील आला असता, त्यांना कुठल्या भाषेत काय वाचून दाखवलं असतं? एका चुकीच्या शब्दानं माझ्या काकूचे पैसे बुडाले, आणि त्याच चुकीच्या शब्दानं त्या बायका वाचल्या. याचा आनंद मानावा की राग, मला आजही ठरवता येत नाही. पण पोलीस ठाण्यात आपला शब्द नीट लिहिला जावा हा जसा आपला हक्क आहे, तसं आपण तिथं कुठला शब्द लिहायला लावतो ही आपली जबाबदारी आहे, एवढं मला समजलंय.

याच विषयात हॉवर्ड बेकर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचा शिक्क्याचा सिद्धान्त आहे. एखाद्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का बसला की सगळे त्याच्याशी तसंच वागतात, आणि मग त्याला दुसरं काही होणं अवघड जातं. हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. इकडे रावडी शीट म्हणजे काय हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ते कोर्टाच्या शिक्षेवरनं नव्हे, पोलीस मॅन्युअलमधल्या आदेशावरनं उघडलं जातं. मोर्चात गेलेल्या पोराच्या घरी "शीट उघडतील हं" ही धमकी पोचली की बापाची झोप उडते. ती भीती आपण ओळखतो. मग पाल टाकून राहणाऱ्यांना ती पिढ्यान् पिढ्या असते, हे ओळखायला आपल्याला इतका वेळ का लागतो?

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, "पोलिसांचा अभ्यास कसला करायचा, आपण त्यांच्या लाठ्या खाल्ल्यात." आपल्या घराघरात पोलीस म्हटलं की १९८६ चा गोळीबार आठवतो, येळ्ळूर आठवतं. ते विसरा असं मी म्हणत नाही. पण ज्याच्यावर राग आहे ते यंत्र कसं चालतं हे माहीत नसेल, तर राग नुसताच भाषणात जातो. १८५७ चं बंड झालं आणि चार वर्षांत, १८६१ मध्ये, इंग्रजांनी पोलीस कायदा केला. साचा आयर्लंडच्या पोलिसांचा, म्हणजे लोकांचं रक्षण करण्यापेक्षा लोकांना दाबात ठेवण्याचा. पुढे मुंबईचे वेगळे कायदे झाले, १९६३ मध्ये कर्नाटकाचा झाला, पण साचा फारसा बदलला नाही. पोलीस हा राज्याच्या यादीतला विषय. म्हणून कोगनोळी नाका ओलांडला तरी न्याय संहिता तीच राहते, पण पोलीस बदलतात आणि कागदाची भाषा बदलते. आणि त्यांच्यावर हुकूम चालतो तो त्या त्या राज्याच्या सरकारचा. २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सात आदेश दिले. त्यात अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं एका जागी ठेवा, तपास आणि बंदोबस्त वेगळा करा, राज्यात आणि जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा, हेही होतं. आपण आजवर किती निवेदनं दिली! त्यातल्या एकात तरी या प्राधिकरणाचं नाव होतं काय?

विषयाची बाजू घेतली म्हणून अभ्यासक्रमाचं कौतुक करणार नाही. तो कंटाळवाणा आहे. इटली, शिकागो, लंडन पाठ करून पेपर सोडवता येतो. तीन वर्षांत आम्हाला एकदाही पोलीस ठाण्यात नेलं नाही. पुस्तकं इंग्रजीत, गाइड कन्नडमध्ये, मराठीत हाताला काही लागत नाही. कॉलेजलाही वाटतं हा पोलीस भरतीच्या तयारीचा विषय आहे. तसा तो नाही. पीएसआय परीक्षेला कुठलीही पदवी चालते, आणि फॉरेन्सिक लॅबमध्ये जायचं तर सायन्स लागतं. कुणी नोकरीचं आमिष दाखवून हा विषय घ्यायला सांगत असेल तर ऐकू नका.

आणि एक गोष्ट, जी इथं लिहिताना मला थोडी धाकधूक वाटतेय. कन्नड वाचायला शिका. हाताचं लिहिलेलंसुद्धा. मराठीत कागद मिळायचा हक्क सोडा असं मी अजिबात म्हणत नाही, तो मागायलाच पाहिजे. पण हक्क मिळेपर्यंत सही आपल्याला कन्नड कागदावरच करायची आहे. काय लिहिलंय ते वाचता आलं म्हणून आपण कमी मराठी होत नाही. गंमत म्हणजे ठाण्यातले अर्धे शब्द आपलेच आहेत. फौजदार, हवालदार, पंचनामा, जप्ती, जामीन, ठाणं, हे सगळे थोड्याफार फरकानं कन्नडमध्येही तेच आहेत. अडतं ते क्रियापदाशी. हरवलं की चोरलं, पडला की पाडला, गेला की नेला. तेवढी क्रियापदं शिका.

आपल्या मंडळांनी, युवा संघटनांनी एक काम करावं असं मला वाटतं. एक पानाचा कागद छापावा. एका बाजूला मराठीत लेखी तक्रार कशी लिहायची, प्रतीवर शिक्का कसा घ्यायचा, नोंदवून घेतलं नाही तर पुढं कुणाकडे जायचं. दुसऱ्या बाजूला अशी वीस-पंचवीस कन्नड क्रियापदं, देवनागरीत, अर्थासकट. गणपतीत वर्गणीच्या पावतीबरोबर वाटला तरी घराघरात जाईल. आणि त्याच कागदावर खाली एक ओळ असावी. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगा, संशय म्हणून कुणाच्या जातीचं नाव घेऊ नका.

परवा काकूला मी या लेखाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "माझं नाव घालू नकोस बाई, लोक पिनचं वाचून हसतील." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "त्या पिनावाल्या परवा दिसल्या होत्या गं, खडेबाजारात. एक डझन घेतल्या त्यांच्याकडनं. कशाला घेतल्या काय माहीत, पिना घरात पडल्यात ढीगभर."

शेजारच्या आज्जीला आता मी सांगणार आहे. आज्जी, चोरांचं नाही शिकत मी. कागदावर चोर कोण होतो आणि कसा होतो, ते शिकतेय.